अळवाच्या पानांची भिंत

ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही नीट कळलं नव्हतं आणि नंतर विचारायला कुणी नव्हतं, तेव्हा चुकांबद्दल आधीच माफी मागते. अक्षरही वाईट आहे. काजू फोडून फोडून बोटांची पेरं जाड झाली, पेन घट्ट धरता येत नाही, आणि ओळ चढणीला लागल्यासारखी वर वर जाते. कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहितेय. आबांच्या त्या भिंतीची गोष्ट आमच्या वाडीत अजून हसून सांगतात, आणि सांगणाऱ्यांतलं कुणी तेव्हा आमच्या घरात राहत नव्हतं. मी राहत होते. मला हसायला पुष्कळ वर्षं लागली, आणि अजूनही पुरतं जमत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. चिऱ्याची भिंत त्यांच्याइतकी सरळ आमच्या बाजूला कुणी रचत नसे, हे त्यांच्याशी भांडलेली माणसंही कबूल करायची. सकाळी आई चुलीवर पेज ठेवायची आणि पडवीत आबा थापीवरचं वाळकं सिमेंट खरवडत बसायचे. तो खर्र खर्र आवाज आणि पेजेचा वास यांनी मला जाग यायची. मी शाळा चौथीनंतर सोडली होती. पाचवीची शाळा खाडीपलीकडे, तरीच्या होडीत बसायची मला भीती, आणि अनोळखी पोरांत तोंड उघडायची त्याहून भीती. आईने दोन दिवस आग्रह केला, मग म्हणाली, "राहा घरात, मला पाणी भरायला हात होतील." पाणी थोडं भरलं. बाकीचा वेळ आबांनी खाल्ला.

आबांना पाण्याचं वेड होतं. पिण्याच्या नव्हे, बघण्याच्या. केळीच्या पानावर जेवायला बसले की आधी आमटी पानावर सोडायचे आणि ती कुठल्या शिरेच्या कडेने जाते, कुठे अडते, कुठून फुटते ते वाकून बघायचे. भात गार व्हायचा. सुकटाची चटणी पानाच्या कडेला वाट बघत बसायची.

"आवो, जेवा. आमटी पळून कुठं जात नाय," आई म्हणायची.

"पळतेय म्हणून तर बघतोय."

कोंबडीचं पीस, झुरळाचा पंख, फणसाचं पान, गवताची पात, सगळ्यावर बोट बुडवून पाण्याचा थेंब सोडायचा आणि मला हाक मारायची. "बाय, इकडे ये. बघ हा बसला. आता हा बघ, पसरला." मी हातातलं काम टाकून बघायची. बसलेला थेंब आणि पसरलेला थेंब बघून काय करायचं ते मला कळत नसे, पण "हो" म्हणावं लागे. "हो" हळू म्हटलं तर त्यांना वाटायचं मी नीट बघितलं नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या न्हाणीच्या मागे सांडपाण्यावर अळू माजलेलं होतं. कोकण रेल्वे नवीन सुरू झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आबा तिथेच हात धूत असताना पाणी पानावर उडालं आणि त्याच्या गोळ्या होऊन घरंगळल्या. हे आम्ही सगळ्यांनी जन्मभर बघितलेलं. पण आबांनी त्या दिवशी पान खुडून घरात आणलं, आईच्या नाकासमोर धरलं आणि वर तांब्यातलं पाणी ओतलं.

"बघ. पारा. पान कोरडं ते कोरडं. हे पाणी पीत नाय. आणि आपली भिंत पिते. का पिते?"

"भिंत हाय म्हणून," आई म्हणाली. तिच्या पायावर पाणी सांडलं होतं.

"तिच्या अंगावर हे असं काय नाय म्हणून." त्यांनी पान उलटं करून शिरा दाखवल्या. "ह्या नाल्या आहेत. पाणी ह्यांनी वाहून जातं. भिंतीला अशा नाल्या दिल्या की भिंत पान झाली."

समुद्राच्या बाजूची भिंत ही आमच्याकडे सगळ्यांचीच दुखरी जागा. पावसाची झड सरळ येत नाही, आडवी येते, चिऱ्यात मुरते आणि आतून ओल फुटते. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते पावसाळ्याआधी झावळ्या विणून त्यांचे पडदे बांधतात. ज्यांच्याकडे असतात ते गिलावा करतात आणि तीन वर्षांनी पुन्हा करतात. तेव्हा पाणी न पिणारी भिंत ही काही वेड्याची कल्पना नव्हती, एवढं मी आबांच्या बाजूने म्हणते. पुढचं सगळं म्हणत नाही.

आमच्या घराखालच्या उतारावर हमीदाभाभींचं नवं घर झालं होतं. तिचे मिस्टर कुवेतला, दोन वर्षांनी एकदा यायचे. पैसे तिकडून यायचे आणि काम भाभी करून घ्यायची. बोलायला रोखठोक, पण मनाने मोकळी. माझ्यासारख्या मुक्या मुलीलाही ती ओट्यावर बसवून नारळाच्या रसात बुडवलेलं सांदण खायला द्यायची आणि मी बोलत नाही म्हणून बोलायला लावायची नाही. समुद्राकडच्या भिंतीचा गिलावा राहिला होता. मिस्टरांनी कळवलं होतं की चिपळूणचा कंत्राटदार बोलाव. भाभीने उलट कळवलं की आपला शेजारी गवंडी आहे, त्याचा हात मला माहीत आहे, मी त्याला शब्द दिलाय. आणि सामानाचे व मजुरीचे सगळे पैसे तिने आबांना आधीच मोजून दिले, कारण आबा म्हणाले की ह्या कामाला सामान निराळं लागतं.

निराळं सामान म्हणजे अळूची पानं, आणि ती आणायची मी. वैशाखात अळू असतं कुठे? ज्याच्या विहिरीशी नाहीतर मोरीपाशी ओल आहे त्याच्याकडेच. मी, जिला दुकानात मीठ मागताना घाम फुटायचा, ती घरोघर टोपली घेऊन अळू मागत फिरले. बायका विचारायच्या, "पाहुणे आलेत का गो? अळवाचं फदफदं करतेय तुझी आई?" मी मान हलवायची. भिंतीला पाहिजेत असं कुठल्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या आठवड्यात एकीने विचारलं, "एवढे दिवस कसले गो पाहुणे?" आणि मी टोपली तिथेच ठेवून पळत घरी आले. आबांनी मला टोपली आणायला परत पाठवलं.

ओल्या गिलाव्यावर पान ठेवायचं, तळव्याने सगळीकडून सारखं दाबायचं, आणि अलगद सोलून काढायचं. आबांचा हात जड, पान फाटायचं. माझे तळवे लहान, म्हणून परांचीवर बसून दाबायचं काम माझं. अळूचा रस कातडीला लागला की काय होतं ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझे हात कोपरापर्यंत खाजायचे. आई रात्री आमसूल भिजवून चोळायची आणि चोळता चोळता आबांना ऐकू जाईल असं बोलायची. "लोक पोरीच्या हाताला मेंदी लावतात."

एकदा मी धीर करून आबांना म्हटलं, "आबा, पाणी पळतं ते वरच्या बाजूवरून. आपण तर खालची दाबतोय." ते थांबले, आणि त्यांनी मला खरंच विचार करून उत्तर दिलं, हे मला आवडलं होतं. "वरची दाबून बघितली मी. काहीच उमटत नाय, गुळगुळीत राहतं. शिरा खाली आहेत. जे उमटतं तेच काम करणार." मला पटलं. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, मला अगदी पूर्ण पटलं होतं.

पानं गिलाव्याला चिकटायची म्हणून आबांनी त्यांना खोबरेल लावायची युक्ती काढली. तेल लावलं की पान सोलून यायचं आणि एकेक शीर भिंतीत उमटायची. त्या महिन्यात आमच्या घरात कुणाच्या डोक्याला तेल नव्हतं. सगळं भिंतीला होतं. आईच्या केसांचा झाडू झाला.

भिंत मात्र सुंदर झाली. वरपासून खालपर्यंत पानंच पानं, टोकं खाली, जशी झाडावर असतात तशी. लोक बघायला यायचे. गिलावा वाळल्यावर आबांनी सगळ्यांसमोर बादलीभर पाणी भिंतीवर मारलं, आणि खरंच सांगते, पाणी गोळ्या होऊन घरंगळलं. भिंतीला काही लागलंच नाही. म्हातारी माणसं पुढे होऊन हात लावून बघत होती. भाभी ओट्यावरून म्हणाली, "गोविंदभाऊ, कुवेतला नाय असलं काम." आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी आईकडे बघितलं. आईही हसत होती.

तिथून आबा जमिनीवर राहिले नाहीत. वेळणेश्वराच्या बाजूचा एक लॉजवाला विचारून गेला, आणखी एकाने नारळ फोडायचा दिवस विचारला. आबांनी ठरवलं की पानं गोळा करत बसणं आता परवडायचं नाही, साचा पाहिजे. रत्नागिरीला जाऊन त्यांनी पत्र्याचा जाड साचा करायला दिला, भाभीच्या कामातून उरलेले पैसे आणि आमचे होते नव्हते ते, सगळे त्यात घालून. आई म्हणाली, "एक पाऊस तरी जाऊ दे." आबा म्हणाले, "पावसाआधी ऑर्डरी घ्यायच्या असतात." साचा आला तेव्हा पाऊस लागला होता.

पहिले आठ दिवस काही झालं नाही. मग थेंब बसायला लागले. घरंगळेनात. आबा छत्री घेऊन भिंतीपुढे उभे राहायचे आणि मला बोलवायचे. "बघ, हा बसला." ह्या वेळी मला बसलेल्या थेंबाचा अर्थ कळत होता. मग थेंब पसरायला लागले, भिंत काळी पडली. पान दाबलं की तिथे खोलगट ठसा राहतो आणि त्याच्या टोकाशी वाटीच्या काठासारखी कड येते. पाणी शिरांवरून आबांच्या म्हणण्याप्रमाणेच व्यवस्थित वाहत यायचं आणि त्या कडेशी येऊन साठायचं. अख्ख्या भिंतीवर जितकी पानं तितक्या वाट्या. साधा गिलावा निदान पाणी खाली सोडून देतो. हा धरून ठेवत होता. श्रावणात त्या प्रत्येक ठशात शेवाळ आलं, बरोबर पानाच्या आकाराचं, बरोबर पानाच्या रंगाचं. लांबून बघितलं तर भिंतीवर खरंच अळू माजलंय असं वाटे. लोक पुन्हा बघायला यायला लागले. आत भाभीच्या सासूच्या खोलीत ओल फुटली, कुवेतहून आलेल्या ब्लँकेटांना बुरशी लागली, आणि म्हातारीची खाट मधल्या खोलीत हलवावी लागली.

मध्येच सांगते. माझी मुलगी आता चिपळूणला कॉलेजात आहे. मागे सुट्टीत आली तेव्हा तिने अळूचं पान खूप मोठं करून दाखवणारं चित्र मोबाईलवर दाखवलं. पानाच्या वरच्या बाजूला बारीक बारीक फोड असतात, डोळ्याला दिसणारही नाहीत असे, आणि त्यांच्यावर मेणासारखं काहीतरी असतं. थेंब त्या फोडांच्या टोकांवरच उभा राहतो, खाली हवा असते, म्हणून तो पानाला टेकतच नाही. शिरांचा त्यात काही संबंध नाही. आणि जगभर मोठी मोठी शिकलेली माणसं असल्या भिंती आणि काचा करायच्या मागे आहेत म्हणे. मुलगी म्हणाली, "आजोबा ग्रेट होते गं, आई." मी तिला म्हटलं, भांडी घास. तिला तेवढं बोलणं सोपं आहे. तिचे हात खाजले नव्हते.

आबांना तेव्हा फोडही माहीत नव्हते आणि मेणही. पण भिंतीपुढे उभं राहून राहून त्यांना एवढं कळलं, की पहिल्या दिवशी पाणी पळालं ते शिरांमुळे नव्हे, गिलाव्यात उतरलेल्या खोबरेलामुळे. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून घरी बसला असता. आबांना आनंद झाला. कारण सापडलं होतं.

गणपती झाल्यावर भाभी आमच्याकडे आली. एरवी ती मागच्या दाराने यायची, त्या दिवशी पुढून आली आणि ओटीवर बसली. आईने चहा ठेवला.

"गोविंदभाऊ, ईदला हे येणार. त्यांनी चिपळूणचा माणूस सांगितला होता, मी म्हटलं नको, आपला माणूस हाय. आता मी त्यांना काय दाखवू? पानं?"

"भाभी, भिंतीत दोष नाय. तेल संपलं, एवढंच. पंधरा दिवसांनी एकदा जर तेलाचा हात फिरवला—"

"भिंतीला तेल?" भाभी म्हणाली. "माझ्या सासूच्या गुडघ्यांना पुरत नाय ते."

"मग मी पुन्हा करून देतो. फुकट."

"तुमच्या हातात मी आता भिंत देणार नाय," भाभी म्हणाली. आवाज चढवला नाही. "सावर्ड्याचा एक गवंडी ईदच्या आत साधा गिलावा करून देतो म्हणतो, पण पैसे सगळे आधी मागतो. कुवेतला मी दुसऱ्यांदा पैसे मागू शकत नाय. मागितले तर पुढे ह्या घरात माझा शब्द चालायचा नाय. मला माझे पैसे परत पाहिजेत."

"देतो," आई म्हणाली. आबांच्या आधी ती बोलली. चहा कुणी प्यायला नाही.

रक्कम किती ते मी लिहीत नाही. मला अजून पाठ आहे, पण आकडा लिहिला की पुन्हा देणं लागेल असं वाटतं. आई आणि मी काजूच्या शेडमध्ये फोडायला जायला लागलो. टरफलाचं तेल हाताला लागून कातडी जळते, म्हणून राख लावून बसायचं. अळूची खाज गेली तर हे. संध्याकाळी आईची बोटं काळी, माझी काळी, आणि भाकरी थापताना पीठ तेवढं पांढरं. त्या वर्षी घरात अळू शिजलं नाही. आबांनी एकदा सहज विचारलं, तर आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेज संपवली आणि उठले. आबाही कामाला जात होते, दुसऱ्याच्या हाताखाली, कारण पानवाल्या गवंड्याला स्वतंत्र काम कोण देणार? पत्र्याचा साचा भंगारवाल्यानेही नीट भावात घेतला नाही. तो कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवला, आणि पाऊस पडला की तिथे पाण्याची तळी साचायची.

दर शनिवारी मी भाभीकडे पैसे पोचवायची. दिवाळीच्या सुमाराला एका शनिवारी आईने पैशांचा डबा उघडला तर त्यात निम्मेच. आबा पाठमोरे बसून एका चिऱ्यावर मेणबत्ती वितळवत होते. तेल वाहून जातं, पण मेण टिकेल, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. दुकानातल्या सगळ्या मेणबत्त्या आणल्या होत्या.

आई ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "तुमचं चुकलं तरी मी कुणाला कधी नाय बोलले की माझा नवरा मूर्ख हाय. आज माझ्या पोरीच्या बोटांकडे बघा आणि तुम्हीच सांगा काय म्हणू."

आबांनी माझ्या बोटांकडे बघितलं नाही. मेणबत्ती मात्र विझवली. सोमवारी ते रोजावर गेले आणि त्यानंतर डब्याला त्यांनी हात लावला नाही. पण तोंड? तोंड चालूच होतं. रात्री अंथरुणावर पडूनही विचारायचे, "बाय, बदकाच्या पिसाला तेल असतं का गो?" मी झोपल्याचं सोंग घ्यायची.

ईद जवळ आली तरी थोडे पैसे कमीच पडत होते. सावर्ड्याचा गवंडी येऊन भिंत बघून गेला आणि म्हणाला, जुना गिलावा फोडून काढायची मजुरी वेगळी. ती मजुरी आणि आमचं राहिलेलं देणं जवळपास सारखंच होतं. भाभीने माझ्याबरोबर निरोप दिला: "बापाला सांग, फोडायचं काम त्याने करावं, म्हणजे फिटेल."

मी तो निरोप वाटेत कितीतरी वेळा मनात म्हटला आणि घरी येऊन एकदाच सांगितला. आबा दोन दिवस बोललेच नाहीत, आणि आमच्या घरात तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आईसुद्धा घाबरली. मला म्हणाली, "थेंब तरी दाखव गो त्यांना एखादा."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हातोडा आणि टाकी घेतली आणि उतार उतरून गेले. आम्ही दोघी कामाला न जाता मागून गेलो. वाडीतली माणसं आधीच जमली होती. एकाने विचारलं, "काय गोविंदा, भाजी काढायला आलास?" दोघंतिघं हसले. आबांनी वळून बघितलं नाही. शिडी लावली आणि वरच्या ओळीतल्या पहिल्या पानावर टाकी ठेवली. गिलावा त्यांनीच पक्का केला होता, सहज सुटेना. एकेक पान ठोकून ठोकून काढावं लागत होतं. त्यांचे केस, भुवया, मिशा धुळीने पांढऱ्या झाल्या. दुपारी सावर्ड्याचा गवंडी येऊन खाली उभा राहिला, तर आबा शिडीवरून टाकी चालवता चालवता त्याला सांगायला लागले, की कड राहिली ती चूक झाली, ठसा खोल न देता वर उठाव दिला असता तर पाणी अडलं नसतं. तो माणूस मान वर करून ऐकत होता. माझ्या शेजारी आईने डोळे मिटून घेतले.

उन्हं उतरली तेव्हा चिरे उघडे पडले होते आणि खाली पानांच्या तुकड्यांचा ढीग होता. भाभी बाहेर आली. तिने रोजच्या भावाने मजुरी मोजली आणि आबांपुढे धरली. आबा म्हणाले, "वजा करा त्यातून."

"वजा नाय. काम केलंत, हातात घ्या. उद्या कुणी म्हणायला नको की हमीदाने फुकट फोडून घेतलं."

आबांनी हात पायजम्याला पुसले, नोटा घेतल्या, मोजल्या, आणि तशाच तिच्या हातात परत ठेवल्या. भाभीने त्या मोजल्या, ओढणीत बांधायला घेतल्या, तेवढ्यात आई पुढे झाली.

"थांबा. मला पण मोजू दे."

भाभीने नोटा तिच्याकडे दिल्या. आईने त्या काळ्या बोटांनी एकेक नोट अंगठ्याखालून सोडली, ओठ हलवत, अगदी सावकाश. शेवटची नोट झाल्यावर तिने गठ्ठा सरळ केला आणि भाभीच्या हातात दिला.

"बरोबर हायेत," आई म्हणाली. "फिटले."